रंगाचा पक्केपणा आणि शेऱ्याचा पक्केपणा

*कापडाचा रंग टिकतो की नाही हे आपण तपासतो. रंगाला 'चार' किंवा 'तीन' देणारी नजर टिकाऊ आहे की नाही, हे कोण तपासतो?*

मालेगाव, भिवंडीकडच्या धंद्यात असा प्रसंग अनेकांवर आला असेल. सुती कापडाचा गडद मरून लॉट रंगवून, धुऊन, सुकवून व्यापाऱ्याकडे जातो. आठ दिवसांनी निरोप येतो, "माल रबिंगमध्ये बसला नाही. चार पाहिजे होते, तीन-चार आले. बिलातून कटौती होईल." रंगखातेवाला म्हणतो, "सेठ, आमच्याकडे याच लॉटला चार आले होते." सेठ म्हणतात, "मग आमचा चेकर खोटं बोलतो का?" इथे बोलणे खुंटते. एक जण दुसऱ्याला बेईमान समजतो, दुसरा पहिल्याला अडाणी समजतो आणि वर्षानुवर्षांचा सौदा तुटतो.

वास्तविक तिसरी शक्यताही असते. दोघेही प्रामाणिक असतात, कापडही तेच असते, फक्त शेरा देणारी नजर दोन वेळा दोन गोष्टी सांगते. हा दोष किती मोठा आहे, हे मोजता येते. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. चाळीस तुकडे, एक वही आणि थोडी सचोटी पुरते.

पट्टी कशी वाचतात?

प्रथम ही तपासणी कशी होते ते पाहू. घर्षणाने रंग निघतो का, हे पाहण्याची आंतरराष्ट्रीय रीत 'आयएसओ १०५' या मानकमालेतील 'एक्स १२' या भागात दिली आहे. १६ मिलिमीटर व्यासाच्या गोल बोटावर पांढरे सुती कापड चढवतात. सुमारे ९०० ग्रॅम वजनाइतक्या दाबाने ते रंगीत कापडावर १०४ मिलिमीटर लांबीत दहा वेळा पुढे-मागे घासतात. ओल्या तपासणीत पांढरे कापड स्वतःच्या वजनाइतके पाणी धरेल असे भिजवतात आणि घासल्यावर सुकवतात. इथपर्यंतचे काम यंत्राचे असते.

पुढचे काम डोळ्याचे. पांढऱ्या कापडावर लागलेला डाग 'ग्रे स्केल' नावाच्या पट्टीशी ताडून पाहतात. या 'ग्रे'चा आपल्या ग्रे कापडाशी काही संबंध नाही. पट्टीवर पांढऱ्या आणि राखाडी तुकड्यांच्या जोड्या असतात. पाचव्या जोडीत फरक मुळीच नसतो, पहिल्या जोडीत सर्वांत जास्त असतो. डागाचा फरक ज्या जोडीशी जुळतो, तो शेरा: ५, ४-५, ४, ३-४, असे करीत १ पर्यंत एकूण नऊ शेरे. सौद्यात बहुधा एक मर्यादा ठरलेली असते आणि पैसा त्या मर्यादेवर अडतो.

शेरा म्हणजे मीटर नव्हे

येथे एक गफलत होते. आपण चार, तीन, दोन हे आकडे मीटर किंवा किलोप्रमाणे वापरतो. पण हे आकडे केवळ क्रम सांगतात. चार हा तीनपेक्षा बरा, एवढेच. किती बरा, हे आकडा सांगत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मोजमापांचे चार प्रकार मांडले. त्यात अशा शेऱ्यांना क्रमवाचक माप म्हटले आहे.

आपल्या पट्टीवर हे उघड दिसते. डागाच्या पट्टीसाठी मानकाने प्रत्येक जोडीतील रंगफरक यंत्राच्या एककात ठरवून दिला आहे. पाचला तो शून्य आहे, चारला ४.३, तीनला ८.५, दोनला १६.९ आणि एकला ३४.१. म्हणजे पाच आणि चार यांत अंतर ४.३ चे, पण दोन आणि एक यांत १७.२ चे, चौपट! मधल्या घरात अंतर याहूनही बारीक: चारला ४.३ आणि ३-४ ला ६.०, म्हणजे फक्त १.७ चा फरक. ज्या जागी सौदा तुटतो तीच जागा सर्वांत अरुंद. म्हणून 'आमच्या मालाची सरासरी ३.८ आहे' असे कोणी सांगितले, तर ते बोलणे सावधपणे ऐकावे. असमान पायऱ्यांच्या जिन्यावर 'सरासरी पायरी' फारसे काही सांगत नाही.

दुबार तपासणी कशी करावी?

आता मुद्द्याकडे येऊ. एकच चेकर, एकच डाग, एकच दिवा, पण वेळ दोन. शेरा तोच येतो का?

घासून डाग पडलेले चाळीस पांढरे तुकडे जमवा. ते एकाच ताग्यातले नकोत. वेगवेगळ्या लॉटचे, वेगवेगळ्या रंगांचे घ्या. गडद काळा, नेव्ही, मरून जरूर घ्या, कारण ओल्या घासणीत तेच जास्त त्रास देतात. काही उत्तम, काही खराब आणि निम्मे तरी मर्यादेच्या आसपासचे असावेत. तिसऱ्याच माणसाने त्यांच्या पाठीवर नंबर टाकावेत आणि यादी स्वतःजवळ ठेवावी. चेकरने शेरे द्यावेत, वही बंद करावी. तुकडे लिफाफ्यात घालून उन्हापासून दूर ठेवावेत. तीन-चार दिवसांनी नंबर बदलून, क्रम उलटासुलटा करून तेच तुकडे पुन्हा त्याच्यासमोर ठेवावेत. पहिली वही त्याला दाखवू नये. कोणता माल कोणाचा, हेही सांगू नये.

ही शेवटची अट महत्त्वाची आहे. माल आपल्या भावाचा आहे की नव्या पार्टीचा, हे कळले की नजर नकळत झुकते. त्यात वाईट नीयत असावीच लागते असे नाही. माणसाचा स्वभावच तसा आहे.

चाळीस तुकड्यांचा हिशेब

उदाहरणासाठी एक हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. सोपे जावे म्हणून तीनच घरे करू: '४ व वर', '३-४' आणि '३ व खाली'. सौद्याची मर्यादा चार.

सोमवारी ज्या २० तुकड्यांना '४' मिळाले, त्यांपैकी गुरुवारी १६ ना पुन्हा '४' आणि ४ ना '३-४' मिळाले.

सोमवारी ज्या १२ तुकड्यांना '३-४' मिळाले, त्यांपैकी गुरुवारी ३ ना '४', ६ ना '३-४' आणि ३ ना '३' मिळाले.

सोमवारी ज्या ८ तुकड्यांना '३' मिळाले, त्यांपैकी गुरुवारी २ ना '३-४' आणि ६ ना पुन्हा '३' मिळाले.

चेकर म्हणेल, "पाहा, सोमवारी वीस पास, गुरुवारी एकोणीस पास. माझी नजर पक्की आहे." गोषवारा पाहिला तर त्याचे म्हणणे खरे वाटते. पण तुकड्यागणिक पाहा. सोमवारी पास झालेले चार गुरुवारी नापास झाले आणि सोमवारचे तीन नापास गुरुवारी पास झाले. चाळीसपैकी सात तुकड्यांचे नशीब फिरले, कापडाचा एक धागाही न बदलता. हे सात तुकडे सात वेगळ्या कारागिरांचे असतील, तर चौघांचे पैसे विनाकारण कापले गेले आणि तिघांना सवलत मिळाली. वर्षाच्या ताळेबंदात व्यापाऱ्याला ही चूक दिसतच नाही, कारण तिथे बेरीज जुळते. ज्याचे पैसे कापले गेले त्याची बेरीज मात्र जुळत नाही.

योगायोगाची वजावट

चाळीसपैकी २८ तुकड्यांना दोन्ही वेळा तेच घर मिळाले. म्हणजे ७० टक्के. हा आकडा बरा वाटतो, पण त्यात योगायोगही मिसळलेला आहे. चेकरने डोळे मिटून, फक्त तेवढेच चार आणि तेवढेच तीन वाटले असते, तरी काही तुकडे जुळलेच असते. किती, ते काढता येते: २० गुणिले १९, १२ गुणिले १२ आणि ८ गुणिले ९, यांची बेरीज ५९६. तिला ४० ने भागले की १४.९. म्हणजे सुमारे पंधरा तुकडे नुसत्या योगायोगाने जुळतात.

आता २८ मधून १४.९ वजा करा, उरले १३.१. एकूण ४० मधूनही १४.९ वजा करा, उरले २५.१. पहिल्याला दुसऱ्याने भागले की ०.५२ येतात. या आकड्याला 'कप्पा' म्हणतात. तो जेकब कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० साली मांडला. पूर्ण जुळणी असेल तर तो १ येतो, निव्वळ योगायोग असेल तर शून्य. १९७७ मध्ये लँडिस आणि कॉख या दोघांनी त्याची प्रतवारी सुचवली: ०.४१ ते ०.६० मध्यम, ०.६१ ते ०.८० चांगला, त्याच्या वर जवळजवळ पूर्ण. ही प्रतवारी सोयीसाठी ठरवलेली आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितले होते. तेव्हा तिला कायदा मानू नये.

साधा कप्पा एका घराची चूक आणि दोन घरांची चूक सारखीच धरतो. शेरे क्रमाने लागलेले असताना हे बरोबर नाही. म्हणून कोहेन यांनीच १९६८ मध्ये वजनी कप्पा दिला. त्यात लांबच्या चुकीला जास्त दंड असतो. आपल्या उदाहरणात सर्व बारा चुका एकाच घराच्या आहेत. दोन घरांच्या चुकीला पूर्ण दंड आणि एका घराच्या चुकीला पाव दंड धरला, तर आकडा ०.७६ येतो.

तेच तुकडे, तोच चेकर आणि उत्तरे तीन: ७० टक्के, ०.५२ आणि ०.७६. कोणी एकच आकडा पुढे केला, तर तो कोणत्या रीतीने काढला हे आधी विचारावे. शिवाय कटौती ज्या मर्यादेवर होते, तिथला हिशेब वेगळा मागावा. आपल्या उदाहरणात पास-नापासाच्या रेषेवर ३३ तुकडे जुळले, ७ फिरले. योगायोगाने २० जुळले असते. तेव्हा २० पैकी १३, म्हणजे ०.६५. कारागिराच्या दृष्टीने हाच आकडा कामाचा, कारण एका घराची 'छोटी' चूकच त्याचे बिल कापते.

आणखी एक सावधगिरी. चाळीस तुकड्यांवरून काढलेला ०.५२ हा नेमका ०.५२ नसतो. खरा आकडा साधारण ०.३० ते ०.७५ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. तुकडे वाढवाल तसे हे अंतर कमी होते. दहा तुकड्यांवर कोणालाही शहाणा किंवा नालायक ठरवू नये.

सोप्या परीक्षेचा धोका

समजा कोणी चाळीस तुकडे घेतले आणि जवळजवळ सगळेच उत्तम घेतले. दोन्ही वेळा ३६ पास झाले. पहिल्या वेळी जे दोन नापास होते ते दुसऱ्या वेळी पास झाले, आणि दुसऱ्या वेळी दुसरेच दोन नापास निघाले. जुळणी ९० टक्के! पण योगायोगानेच ३६.२ तुकडे जुळायला हवे होते. इथे ३६ जुळले. कप्पा शून्याच्याही खाली जातो. कारण साधे आहे: वाईट तुकडा ओळखणे हेच चेकरचे काम आणि एकही वाईट तुकडा त्याने दोन्ही वेळा पकडला नाही. नुसत्या टक्क्यांचा दाखला फसवा असतो, आणि सोप्या तुकड्यांची परीक्षाही फसवी असते.

चूक कोठे शिरते?

दुबार काय केले, हे नीट सांगितले पाहिजे. तोच डाग पुन्हा पाहिला, तर नजरेची परीक्षा झाली. त्याच ताग्यातून नवा तुकडा कापून पुन्हा घासला, तर नजर, यंत्र, पाण्याचे प्रमाण आणि ताग्याच्या काठाचा-मधल्या भागाचा फरक, हे सगळे एकत्र आले. दुसऱ्या माणसाने पाहिले, तर दोन माणसांमधला फरकही त्यात आला. रंगखात्यात 'चार' आणि व्यापाऱ्याकडे 'तीन-चार' आले, तेव्हा ही सर्व कारणे मिसळलेली असतात. ती एकेक करून सोडवावीत. आधी नजर तपासा, मग हात, मग माल. माल खरेच कच्चा असेल, धुलाईत सुटा रंग साबणाने नीट काढला नसेल, तर मात्र चेकरला दोष देऊन भागणार नाही.

नजरेची कारणे बहुधा साधीच निघतात. दुपारी खिडकीशी आणि संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली पाहिलेला डाग सारखा दिसत नाही. दिवसाच्या उजेडाशी मिळता ठरावीक दिवा आणि भोवती राखाडी रंगाचा डबा असावा. डागाच्या कापडामागे त्याच पांढऱ्या कापडाचे तीन पदर ठेवावेत, नाहीतर टेबलाचा रंग खालून डोकावतो. जुनी, हात लागून मळलेली पट्टी बदलावी. तासन्तास लाल-मरून पाहून डोळा थकतो. काही पुरुषांना जन्मतःच लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही आणि त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसते. इशिहारा यांच्या ठिपक्यांच्या पाट्या १९१७ पासून यासाठी वापरात आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाच मिनिटांत ही तपासणी होते.

लपलेली मोजपट्टी

ज्यांची मुले कॉलेजात संख्याशास्त्र शिकतात, त्यांच्यासाठी थोडे पुढचे. डागाचा गडदपणा ही खरे तर अखंड गोष्ट आहे. शेरे म्हणजे तिच्यावर ठोकलेल्या खुंट्या. चेकरच्या मनात डाग कुठेतरी पडतो आणि दोन खुंट्यांमध्ये सापडला की शेरा मिळतो. एकाच तुकड्याचे अनेक शेरे असतील, तर या रचनेवरून दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात: तुकड्या-तुकड्यांतला खरा फरक आणि एकाच तुकड्यावरचे नजरेचे डळमळणे. खऱ्या फरकाला एकूण फरकाने भागले की शेऱ्याचा पक्केपणा मिळतो. 'लॉजिट' नावाच्या रीतीत डळमळण्याचा वाटा ३.२९ धरतात. तुकड्यांचा फरक ९.८७ आला, तर पक्केपणा ०.७५. 'आर' नावाच्या मोफत संगणक प्रणालीत हा हिशेब होतो, आणि कोणाची नजर कडक व कोणाची सैल हेही त्यात वेगळे दाखवता येते.

यातून धंद्याच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. स्पिअरमन आणि ब्राऊन यांनी १९१० साली दिलेल्या सूत्राप्रमाणे एका नजरेचा पक्केपणा ०.५० असेल, तर एकमेकांना न विचारता पाहिलेल्या तीन नजरांचा मिळून ०.७५ होतो. तिघांचे शेरे क्रमाने लावून मधला घ्यावा, सरासरी काढू नये. मात्र तिघेही एकाच बाजूला कडक असतील, तर तीन काय आणि तीस काय, ती चूक जाणार नाही. त्यासाठी बाहेरची नजर लागते.

सौद्यात काय लिहावे?

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि त्यावर साक्षी घ्यावेत, असा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. ती कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. आपण रक्कम आणि मुदत लिहितो, पण मालाचा शेरा कोण व कसा देणार हे लिहीत नाही आणि भांडण नेमके तिथेच होते. म्हणून सौद्याच्या कागदावर चार गोष्टी असाव्यात.

पहिली: तपासणीची रीत, दिवा आणि मर्यादा. दुसरी: प्रत्येक लॉटचा नमुना दोन भागांत कापून, दोघांच्या सह्यांनी बंद करून एकेकाकडे ठेवणे. तिसरी: शेरा मर्यादेच्या एक घर खाली आला, तर लगेच कटौती न करता नाव झाकून आणखी दोन नजरांनी पाहणे आणि मधला शेरा मानणे. चौथी: तरीही वाद राहिला, तर बंद नमुना दोघांना मान्य असलेल्या प्रयोगशाळेत पाठवणे आणि खर्च हरणाऱ्याने देणे. मुंबईत वस्त्रोद्योग समिती, घाटकोपरची 'बिट्रा' आणि वरळीची 'सस्मिरा' या जुन्या संस्था कापडाच्या तपासणीचे काम करतात.

रंगखातेवाल्या बंधूंनाही एक गोष्ट सांगणे भाग आहे. तीन ठिकाणी तपासणी करून घ्यायची आणि ज्या ठिकाणी चार आले तेवढाच कागद पुढे करायचा, ही चतुराई नव्हे. नजर डळमळते हे कळल्यावर तिचा फायदा घेणे, हे भिजलेले धान्य ढिगाच्या तळाशी लपवण्यासारखेच आहे. बाजारात अशा ढिगात हात घालून ओल बाहेर काढणाऱ्या प्रेषितांची (सल्ल.) हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तीनही कागद पुढे ठेवावेत.

मापात कमी देणाऱ्यांना इशारा देणारी सूरह मुतफ्फिफीन आपण नमाजमध्ये ऐकतो आणि आपल्याला तराजू आठवतो. आज कारागिराची मजुरी अनेकदा तराजूवर ठरत नाही, एखाद्याच्या शेऱ्यावर ठरते. रंगाला शेरा, चामड्याला शेरा, आंब्याच्या पेटीला शेरा. तराजूचा काटा आपण ठरावीक मुदतीने तपासून घेतो, त्यावर छाप मारून घेतो. शेरा देणाऱ्या नजरेवर मात्र कोणताच छाप नसतो. या महिन्यात दुकानातले चाळीस तुकडे बाजूला काढा आणि आपल्याच चेकरकडून, नव्हे, स्वतःकडूनही, दोनदा शेरे घेऊन पाहा. किती तुकड्यांचे नशीब फिरते ते मोजा. मग पुढच्या बिलावर कटौतीची रेघ मारताना तो आकडा समोर असू द्या.